3000 मिलिमीटर पाऊस, तरीही मे महिन्यात टँकर का?

नमस्कार. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि शहापूर या तालुक्यांतील पाड्यांच्या पाणीटंचाईविषयीचा मागील भाग प्रसारित झाल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे. जिथे भातखाचरे तुडुंब भरतात आणि धबधबे पाहायला शहरांतून गर्दी लोटते, तिथल्या बायकांना एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे घेऊन डोंगर का उतरावा लागतो? काही प्रेक्षकांनी उत्तरही देऊन टाकले आहे की, तिथले लोक पाणी साठवत नाहीत. हे उत्तर चुकीचे आहे आणि त्या माणसांवर अन्याय करणारे आहे, म्हणून आजचा बहुतेक वेळ मी त्यालाच देणार आहे.

ऋतूंची मूळ माहिती आपल्याला आहेच. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, तो अडवणारा सह्याद्री आणि पलीकडे पर्जन्यछाया. इगतपुरीत वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला येवल्यात 500 ते 600 मिलिमीटरच्या आसपास. यावर अधिक वेळ घालवत नाही.

खरी गोष्ट जमिनीखाली आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. या कातळात पाणी राहते ते केवळ वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि भेगांत. भूजलाचे अधिकृत मोजमाप करताना अशा खडकातून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरले जाते. म्हणजे असा थर 5 मीटर जाडीचा असेल आणि तो काठोकाठ भरला, तर त्यातून वापरता येणारे पाणी अवघ्या 100 मिलिमीटर पावसाइतके असते. घाटमाथ्यावर जुलैमध्ये एवढा पाऊस कधी कधी एका दिवसात पडतो.

हेच आणखी एका बाजूने पाहू. पडलेल्या 3000 मिलिमीटरपैकी खडकात जागा 100ची असेल, तर उरलेले पाणी माणसे आळशी आहेत म्हणून वाहून जात नाही. त्याला थांबायला जागाच नसते. म्हणून पाऊस दुप्पट झाला तरी त्या पाड्याच्या विहिरीत मे महिन्यात दुप्पट पाणी असणार नाही.

तिसरी बाजू उताराची. सपाट प्रदेशात भरलेला थर बराच काळ भरलेला राहतो. डोंगरावर मात्र तेच पाणी बाजूने पाझरत ओढ्याला मिळते, आणि कोणी एक हंडाही उपसला नाही तरी विहीर दिवाळीनंतर उतरू लागते. एका पाड्यावर मला एका आजींनी विहिरीच्या आतल्या दगडांवरील पाण्याच्या खुणा दाखवल्या होत्या. कोणत्या दगडापर्यंत पाणी आले की मुलगा आणि सून कामासाठी बाहेर पडतात, हे त्यांना नेमके ठाऊक होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. आजींचे मोजमाप रोजचे होते.

गावाचे वर्ष या उतरत्या पाण्यावर बेतलेले असते. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की पाड्यांची वाट तुटते, आजाऱ्याला डोलीतून न्यावे लागते, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, मीठमिरची, तेल आणि सरपण घरात भरून ठेवावे लागते. जुलैत भाताची लावणी, उतारावर नागली आणि वरई, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि झोडणी. त्यानंतर शेतात ओल राहत नाही, दुसरे पीक घेता येत नाही, आणि कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. मुलांची शाळा सुटते ती या काळात, आणि हे नुकसान टँकरच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाही. मागे राहिलेल्या बाया मार्चपासून एकीकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, दुसरीकडे नदीच्या पात्रात झिरे, म्हणजे पाणी झिरपून साठेल असे खड्डे, खणून वाटीवाटीने पाणी भरतात. लग्नसराई येते तीही नेमकी याच दिवसांत, आणि पाहुण्यांसाठी पाणी कुठून आणायचे हा यजमानाचा पहिला प्रश्न असतो.

आता प्रतिक्रियांतील दोन सूचनांकडे वळतो. पहिली, बोअर मारावी. वरचा थर संपला की खाली बहुतांशी अखंड कातळ लागतो. भेग सापडली तर पाणी, नाहीतर धूळ. खोली वाढवल्याने पाणी हमखास वाढते, ही समजूत या खडकात टिकत नाही. दुसरी सूचना धरणाची. शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी देणारे 1892 सालचे तानसा धरण आहे आणि भातसा धरणही आहे. पाणी दरीत आणि पाडे वर डोंगरावर, अशी ही रचना आहे. ते पाणी वर चढवण्यासाठी पंप, वीज, नळवाहिनी आणि त्यांची कायमची देखभाल लागते. हे अशक्य मुळीच नाही, परंतु शेजारी धरण आहे एवढ्यावरून घरात पाणी असेल असे मानणे मला अतिशय खटकते.

मग करता येण्यासारखे काय आहे, असे अनेकांनी मनापासून विचारले आहे. खडकात जागा नसेल तर ती खडकाबाहेर करावी लागते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज 20 लिटर धरले, तर टंचाईच्या 120 दिवसांना 12,000 लिटर लागतात. 25 चौरस मीटरच्या छपरावर इगतपुरीसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे 75,000 लिटर पाणी पडते. अडचण टाकीच्या खर्चाची आहे, आणि मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला तो पेलत नाही. तिथे सार्वजनिक निधीच हवा. ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, छप्पर आणि पन्हळ धुऊन घ्यावी, सप्टेंबरच्या पावसात टाकी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे आणि विहिरीला पाणी असेपर्यंत टाकीच्या तोटीला हात लावू नये. जनावरांचे पाणी या हिशेबात धरलेले नाही. एका बैलाला उन्हाळ्यात दोन माणसांपेक्षा अधिक पाणी लागते, त्यामुळे त्याचा हिशेब पुढील भागात स्वतंत्रपणे मांडतो.