साडेसत्तावीस तासांचा दिवस

(दृश्य: मुंबई विमानतळ, टर्मिनल २. रात्र. गाड्यांच्या डिक्या उघडतायत, बॅगा ट्रॉलीवर चढतायत.)

कोल्हापूरची मंडळी दुपारी जेवूनच निघाली होती. पुण्याची संध्याकाळी. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या प्रवेशदारापाशी टूर मॅनेजर हातात फलक धरून उभा आहे आणि ओठांतल्या ओठांत माणसं मोजतोय. ४२ व्हायला हवीत. अजून ३७च झालीत.

विमान पहाटे अडीचचं, थेट ॲमस्टरडॅमचं. १५ दिवसांची युरोप सहल. या ४२ जणांपैकी बहुतेकांनी एकमेकांना आजवर पाहिलेलंही नाही. जो तो आपल्या बॅगांना चिकटून उभा आहे.

(दृश्य: वर्तमानपत्रात गुंडाळलेले आंबे. म्हाताऱ्या हातांचा क्लोजअप.)

हे गुरुजी अलिबाग आणि पेणच्या मधल्या खारेपाटातले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला १३ वर्षं झाली. शेजारी काकी. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. पुतण्या नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला नोकरीला आहे, म्हणून पिशवीत त्याच्यासाठी सहा हापूस आणलेत.

मॅनेजर हळूच जवळ येतो. "गुरुजी, आंबे नाही नेता येणार हो."

नियम खरोखरच कडक आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं आणता येत नाहीत. सूट आहे ती पाचच फळांना: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. दूध, तूप, मटण यांनाही बंदी. आणि हे उगाच नाही. भारतातून गेलेल्या आंब्यांत फळमाशी सापडली म्हणून २०१४च्या मे महिन्यात युरोपने आपला आंबाच घ्यायचा बंद केला होता. बंदी उठली ती २०१५च्या सुरुवातीला.

गुरुजी थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग मोठी बॅग आडवी करून उघडतात, आतली छोटी सुरी काढतात आणि ट्रॉलीवर वर्तमानपत्र पसरतात. सहा आंबे चिरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. काकी फोडी घेऊन सगळीकडे फिरतात. "घ्या, घ्या. घरच्या झाडाचे आहेत." डोंबिवलीची एक मुलगी कोय मागून घेते. नागपूरचे एक काका खिशातला रुमाल शेजारच्यांपुढे धरतात. आम्ही कॅमेरा खाली ठेवला आणि आम्हीही खाल्ले.

त्यानंतर कुणी नुसतं आपल्या बॅगांपाशी उभं राहिलं नाही. आमच्या मते सहल तिथे सुरू झाली.

४२ झाले. सुरी पुन्हा मोठ्या बॅगेत गेली, कारण ती हातातल्या सामानात चालत नाही. पॉवर बँकेचं नेमकं उलट, ती हातातच ठेवावी लागते. सोडायला आलेल्यांना दारातच थांबावं लागतं. आत पासपोर्ट आणि तिकीट दाखवल्याशिवाय जवान कुणालाही सोडत नाहीत. काचेपलीकडून मुलगा खुणेनेच विचारतो, गोळ्या घेतल्या ना? काकी पर्स थोपटून दाखवतात.

(दृश्य: इमिग्रेशनची रांग. भिंतीवरचं घड्याळ. बाराला टेकलेले काटे.)

इथून मोजायला घ्या. आता बारा वाजले आणि नवी तारीख लागली. उन्हाळ्यात नेदरलँड्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे ही तारीख मुंबईत सुरू होऊन ॲमस्टरडॅमला संपेपर्यंत साडेसत्तावीस तास होतात. इतका लांब दिवस गुरुजी-काकींनी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि त्याची सुरुवातच जागरणाने झाली आहे.

विमानात दिवे मंद होतात. जेवण येतं तेव्हा एक गोष्ट लक्षात येते, ती जाणाऱ्या प्रत्येकाने आधीच माहीत करून घ्यावी. बुकिंगच्या यादीतलं 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी जेवण नव्हे. त्यात गोमांस नसतं, पण कोंबडी किंवा मासे असू शकतात. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन' असंच सांगावं लागतं, तेही निघण्याच्या बरंच आधी. आमच्या गटातल्या एका आजींनी झाकण उघडलं, पाहिलं आणि पुन्हा लावलं. मागच्या सीटवरून दशम्या आल्या, पुढून शेंगदाण्याची चटणी आली. आजींचं पोट भरलं, पण ती वेळ यायला नको होती. पैसे भरून, महिनाभर तयारी करून निघालेल्या माणसाला ही माहिती आधी कुणीतरी द्यायलाच हवी.

(दृश्य: खिडकीतून सकाळ. सरळ रेषेत आखलेली हिरवी शेतं, त्यांच्यामधून चमकणारे कालवे.)

स्थानिक वेळ सकाळचे आठ. स्खिपॉल विमानतळ.

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, आज २९ देश आहेत. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर करार केला, त्यातून हे सगळं उभं राहिलं. त्यामुळे इथल्या पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर एकदा होकार मिळाला की पुढे बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा सीमा कोचमध्ये बसल्या बसल्या ओलांडता येतात. म्हणूनच सगळ्यांच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

काकींची पाळी. व्हिसा काढताना दिलेले बोटांचे ठसे इथे पुन्हा जुळवून पाहतात, चेहऱ्याचा फोटो घेतात. काकी चार बोटं काचेवर ठेवतात. यंत्र नाही म्हणतं. पुन्हा ठेवतात, पुन्हा नाही. चाळीस-पन्नास वर्षं भांडी, चूल, भातलावणी करून बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. अधिकारी खुणेने सांगतो, पदराला पुसा, जोरात दाबा. मागे ३० माणसं श्वास रोखून उभी. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागतो. "हाउ मेनी डेज?" काकींनी हे उत्तर आठवडाभर घोकलं होतं. "फिफ्टीन डेज. टुरिस्ट. ग्रुप." शब्द सुटे सुटे, आवाज ठणठणीत.

गटाबरोबर जाणं हा काही खरा प्रवास नव्हे, असं आम्ही अनेकदा ऐकलं आहे. या खिडकीसमोर उभ्या असलेल्या काकींना पाहिल्यावर ते आम्हाला पटत नाही.

(दृश्य: विमानतळाबाहेर कोच. दार उजव्या बाजूला. लाल सायकलमार्ग.)

बाहेर पडताच मॅनेजरची पहिली सूचना: लाल रंगाच्या पट्ट्यावर उभं राहू नका, तो सायकलचा रस्ता आहे. दुसरी: इथे वाहनं उजवीकडून चालतात, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. तिसरी: कोचमधल्या जागा रोज बदलतील, आज पुढे असलेले उद्या मागे. आणि वेळ पाळा. ती पाळण्यामागे कायदाही आहे. युरोपात कोचचालकाने सलग साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला साधारण नऊच तास चालवता येतं. त्याची नोंद गाडीतलं यंत्रच ठेवतं. आपण वीस मिनिटं उशीर केला तर ती वीस मिनिटं दिवसाच्या शेवटी कुणाच्या तरी वाट्याची कापली जातात.

गाडी सुटते. निम्मा गट झोपला. गुरुजी जागे आहेत. मॅनेजर माइकवर सांगतोय, आत्ता आपण जिथे उतरलो तिथे पूर्वी सरोवर होतं. हार्लेमरमेर त्याचं नाव. वाफेवर चालणाऱ्या पंपांनी पाणी उपसून १८५२ साली ते कोरडं केलं. विमानतळाची जमीन समुद्रसपाटीपेक्षा तीन मीटरहून खाली आहे.

गुरुजी ताठ बसतात. त्यांच्या खारेपाटात खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात. खारबंदिस्ती. उधाणाला बांध फुटला की शेत खारवतं आणि पुढची काही वर्षं भात पिकत नाही. लहानपणी ते स्वतः वडिलांबरोबर चिखलाचे गोळे घेऊन बांध बुजवायला धावलेत. आता ते खिडकीला नाक लावून पाहतायत: कालवा वर, शेत खाली, गाई चरतायत. "म्हणजे यांचा बांध फुटत नाही," ते काकींना सांगतात. मग थोड्या वेळाने, "रोज बघत असतील बांधाकडे."

दुपारी झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या झाल्या. फोटो भरपूर निघाले. पण खरं सांगायचं तर पावलं जड झाली होती. हॉटेलच्या खोल्या तीननंतरच मिळतात, आणि दिवसाउजेडी झोपलात तर रात्री डोळा लागणार नाही, म्हणून मॅनेजर कुणाला टेकू देत नव्हता.

(दृश्य: हॉटेलचं जेवणघर. खिडकीबाहेर अजून ऊन.)

रात्रीचे आठ, आणि बाहेर लख्ख उजेड. वरण-भात, बटाट्याची भाजी. मॅनेजर सवयीने मोजतो. ४३. पुन्हा मोजतो. ४३च.

कोपऱ्यातल्या टेबलावर गुरुजींचा पुतण्या आलाय, आइंडहोवेनहून ट्रेनने. काकी त्याच्या ताटात भात वाढतायत. डोंबिवलीची मुलगी त्याला सांगते, "दादा, तुमचे आंबे आम्ही खाल्ले." तो गुरुजींकडे बघतो. गुरुजी म्हणतात, "पुढच्या वर्षी तूच ये. झाडाखाली बसून खा."

मॅनेजर उभा राहतो. "मंडळी, उद्या सात-आठ-नऊ. सातला उठायचं, आठला नाश्ता, नऊला कोच."

गुरुजींच्या घड्याळाचे काटे अजून मागे घ्यायचे राहिलेत. त्यात साडेअकरा वाजलेत.