मूल एकटं नसतं

(दृश्य: खानापूर तालुक्यातलं गाव, सकाळ. अंगणवाडीत पोरं येतायत.)

घरात मराठी. अंगणवाडीत कन्नड गाणी. मोबाईलवरच्या कार्टूनमध्ये हिंदी. आणि येत्या जूनपासून इंग्लिश मीडियममध्ये घालायचं, असं बापाच्या मनात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला हे सगळं एकदम येतं.

अशा मुलासमोर कुणीतरी कागद घेऊन बसतं, प्रश्न विचारतं आणि मूल गप्प राहतं. ते मागं पडलंय? की त्याला प्रश्नच कळला नाही? की परक्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही, हे ते घरात शिकलंय? या तिन्हींतला फरक ओळखायला वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. बाल आणि कुटुंब मानसशास्त्रात संशोधन करणारी माणसं त्यासाठीच आयुष्य वेचतात. सीमाभागाला ती हवी आहेत, आणि ती इथलीच असावीत असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: चाचणीची पेटी. चित्रांची कार्डं, ठोकळे.)

या कामाची मुळं इथं जुनी आहेत. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी, शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी एक चाचणी बनवली. पुढे धारवाड भागातल्या मुलांवर काम करून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचं भारतीय रूप तयार केलं आणि १९३४ साली प्रसिद्ध केलं. बेळगाव आणि धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. कामतांनी चाचणी केली ती कन्नड बोलणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्या, अशा दोन्ही मुलांसाठी. या प्रदेशात मुलाच्या बुद्धीचं मोजमाप सुरू झालं तेच दोन भाषांना शेजारी बसवून, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. मात्र मापं, म्हणजे कुठल्या वयाला किती गुण सरासरी धरायचे ते आकडे, जुनी झाली. अशा चाचण्यांमधले मुलांचे सरासरी गुण गेल्या शतकात अनेक देशांत वाढत गेले. त्यामुळे जुन्या मापानं आजचं मूल मोजलं तर गुण फुगून येण्याची भीती असते. मग ज्याला खरोखर आधार हवा, ते मूल ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकून घरी परत जातं. नवी मापं तयार करायची तर हजारो मुलांना भेटावं लागतं. गाव, शहर, दोन्ही भाषा, शाळेत जाणारी, न जाणारी, सगळी. हे काम कंटाळवाणं दिसतं. नाव फारसं होत नाही. तरी त्याच्याइतकं गरजेचं दुसरं काही आम्हाला दिसत नाही.

(दृश्य: धारवाड स्टेशन. पाठीला बॅग लावलेल्या विद्यार्थिनी.)

वाट लांबची आहे. बीएला मानसशास्त्र, मग एमएसाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ गाठायचं किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. नेट परीक्षा, जमलं तर फेलोशिप. पीएचडीला नियमानं किमान ३ वर्षं. उपचार करायचे असतील तर रस्ता वेगळा, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. घरच्यांना हा फरक पटकन कळत नाही. पोरगी डॉक्टर होणार म्हणजे गोळ्या लिहून देणार, असं आजी शेजारणीला सांगून मोकळी होते.

(दृश्य: चिकोडीजवळचं घर. सोप्यात, म्हणजे ओसरीवर, आजी, काकू, आत्या, मांडीवर बाळ.)

पुस्तकात मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा प्रयोग असतो. एक खोली, थोडी खेळणी, आई आणि साधारण वर्षाचं मूल. अनोळखी बाई आत येते, आई काही मिनिटं बाहेर जाते, परत येते. परत आलेल्या आईला मूल कसं भेटतं, यावरून त्यांच्यातलं नातं वाचायचं.

आता या सोप्यात बघा. बाळ आजीकडून काकूकडे, काकूकडून आत्याकडे. आई भाकरी थापतेय. इथं बाहेर कोण जायचं? नात्याचा विचार इथंही लागू आहे, फक्त ती खोली इथं जशीच्या तशी बसत नाही. आणि एक गोष्ट विसरली जाते. त्या खोलीच्या कितीतरी आधी, १९५४-५५ मध्ये, एन्सवर्थ युगांडातल्या गावांत घरोघरी जाऊन बसल्या होत्या. आया बाळाला कसं घेतात, कसं पाजतात, कुणाकडे सोपवतात, ते त्यांनी बघितलं होतं. आपल्याकडे खोलीची नक्कल लवकर झाली. घरोघरी जाऊन बसणं राहून गेलं.

(दृश्य: अथणी भाग. उसाचा फड, ऊसतोड्यांच्या कोप्या (झोपड्या), पहाटेचा धूर.)

हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या इकडच्या कारखान्यांवर उतरतात. आई-बाप अंधारातच कोयता घेऊन फडात. कोपीत आठ-नऊ वर्षांची ताई आणि तिच्या कडेवर धाकटा. ‘पालक मुलाशी रोज किती वेळ खेळतात?’ या प्रश्नाला इथं शून्य येईल. ते शून्य कागदावर गेलं की ही आई बेपर्वा ठरते. आणि बाळाला खरं वाढवणारी ती ताई? तिच्यासाठी फॉर्मवर रकानाच नसतो.

निपाणीत उलट. विड्या वळणारी आई दिवसभर घरातच असते, पण सूप मांडीवर आणि दोन्ही हात तंबाखूत. शेजारी बसलेल्या लेकीशी ती बोलते, गाणं म्हणते, पाढे म्हणून घेते. हात मात्र थांबत नाहीत, कारण मजुरी नगावर मिळते. तिला फडातल्या आईच्या रकान्यात टाकता येत नाही आणि शहरातल्या नोकरदार आईच्याही. कुटुंबाचा अभ्यास म्हणजे ही मजुरी, हा हंगाम, हे कर्ज समजून घेणं. ते बाजूला ठेवून मुलाचं मन वेगळं काढता येतं, यावर आमचा विश्वास नाही.

(दृश्य: झाडाखाली बसलेली संशोधक, समोर मुलगा.)

नियम कडक आहेत, आणि ते असायलाच हवेत. आई-वडिलांची लेखी संमती लागते. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा तोंडी होकार, १२ च्या पुढे लेखी. मूल ‘नको’ म्हणालं की वही मिटायची. बोलता बोलता लैंगिक अत्याचाराची गोष्ट बाहेर आली तर गुप्ततेचं वचन पुढे करता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ती कळवावीच लागते. हे मुलाला आणि आईला आधीच, त्यांच्या भाषेत सांगायचं असतं.

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र. आशाताई नोंदवही भरतायत.)

लांब पल्ल्याचं काम इथं होतच नाही, असं कुणी म्हणू नये. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी आसपासच्या गावांतल्या गर्भवतींची नोंद ठेवली, बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत. आई जगली का, बाळ जगलं का, हे त्यातून कळतं. त्रेचाळिसाव्या दिवसापासूनचा प्रश्न मानसशास्त्राचा आहे. ते बाळ पाच वर्षांचं, दहा वर्षांचं होताना त्याच्या घराकडे पुन्हा पुन्हा जाणारं माणूस हवं. प्रकल्पाचे पैसे संपले म्हणून ते निघून जाता कामा नये.

आणि त्यानं जे शोधलं ते परत गावात आणलं पाहिजे. प्रबंध हवा तर इंग्लिशमध्ये लिहा. पण अंगणवाडीच्या मासिक बैठकीत एक तास मागून घ्या. सेविकेला कन्नडमध्ये, आयांना मराठीत सांगा की तुमच्या मुलांबद्दल आम्हाला हे दिसलं. त्या हरकत घेतील, ‘आमच्यात असं नसतंय’ म्हणतील. तेही लिहून घ्या.