केशरोपणाचा खर्च आणि पॉलिसीतले आठवे कलम

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचे लग्न उरकले की माझ्या टेबलासमोर एक प्रश्न हमखास येऊन बसतो. आरोग्य विम्याचे दावे भरून देणे आणि नाकारलेल्या दाव्यांसाठी पत्रव्यवहार करणे हे माझे रोजचे काम. गेल्या हंगामात तिशीच्या आतला एक तरुण आपल्या आईबरोबर आला. डोक्यावरची टोपी त्याने शेवटपर्यंत काढली नाही. विम्याचे कार्ड माझ्यापुढे सरकवत तो म्हणाला, "काका, दहा लाखांची पॉलिसी आहे आणि आजवर एकही क्लेम केलेला नाही. हेअर ट्रान्सप्लांट कॅशलेस होईल ना?" आई शेजारून हळूच म्हणाली, "स्थळं येतात हो, पण फोटो पाहिला की पुढे निरोपच येत नाही."

त्याला जे उत्तर दिले तेच आज आपल्यालाही प्रथम सांगतो, कारण या बाबतीत खोटी आशा लावण्यात मोठे नुकसान आहे. आनुवंशिक टकलासाठी केलेल्या केशरोपणाचा खर्च आरोग्य विमा देत नाही. पॉलिसी दहा लाखांची असो वा पन्नास लाखांची, स्वतः घेतलेली असो वा नोकरीत मिळालेली, तिच्यात वेगळी सोय स्पष्ट शब्दांत लिहिलेली नसेल तर उत्तर हेच राहते.

पूर्वी प्रत्येक कंपनी वगळलेल्या बाबी आपापल्या शब्दांत लिहीत असे. 2019 मध्ये भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने या बाबींची भाषा एकसारखी करून दिली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. त्यांतले आठवे कलम सौंदर्यशस्त्रक्रियेचे आहे. रूप बदलण्यासाठी केलेल्या कोणत्याही उपचाराचा खर्च मिळणार नाही, असे ते सांगते. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर शरीराची पुनर्रचना करायची असेल, किंवा प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले असेल, तर तो अपवाद धरला जातो. थोडक्यात, केस कसे लावले याच्याशी विम्याला कर्तव्य नसते. ते कशामुळे गेले, एवढेच तो विचारतो.

"पण आता डे-केअरमध्ये सगळे बसते ना?" असे पुष्कळजण म्हणतात. चोवीस तास दाखल न राहताही डे-केअर शस्त्रक्रियांचा दावा मंजूर होतो, हे खरे. केशरोपणही त्या भागापुरती भूल देऊन एका दिवसात होते आणि रुग्ण संध्याकाळी घरी जातो. तरीही जे मुळातच वगळलेले आहे, ते डे-केअर म्हटल्याने आत येत नाही. टक्कल पडल्यामुळे मनावर आलेल्या ताणाचा दाखला जोडून दावा करण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिला जातो. तो ताण खोटा आहे असे मी कधीही म्हणणार नाही, कारण टोपी न काढणारी अशी मुले मी पाहिलेली आहेत. परंतु कलमातील "थेट आणि तातडीचा" या दोन शब्दांपुढे तो दाखला टिकणे फार कठीण असते. आणि खर्च मिळावा म्हणून एखाद्याने कागदावर दुसराच आजार लिहून देण्याची तयारी दाखवली, तर तेथून उठून यावे. खोट्या दाव्यामुळे पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि तीच पॉलिसी उद्या आई-वडिलांच्या हृदयविकाराच्या वेळी हवी असते.

मग पैसे उभे करायचे कसे? प्रथम खर्च नीट मोजावा. डोक्याच्या मागच्या भागातून काढून पुढे लावलेल्या केसांच्या प्रत्येक लहान पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात, त्यात एक ते चार केस असतात आणि दर बहुधा ग्राफ्टमागे सांगितला जातो. समजा, 2,500 ग्राफ्ट आणि प्रत्येकी 40 रुपये दर धरला, तर 1,00,000 रुपये झाले. येथे एक गोष्ट बहुतेकांना बिल हातात पडल्यावरच कळते. वैद्यकीय सेवांना वस्तू व सेवा करातून सूट आहे, पण त्याच सुटीच्या तरतुदीत केशरोपणाचे नाव घेऊन ते वगळलेले आहे. जन्मजात दोष, वाढीतील व्यंग किंवा इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करायची असेल तरच सूट मिळते. म्हणून या लाखावर 18 टक्के कर लागतो आणि आकडा 1,18,000 होतो. सांगितलेल्या दरात कर धरला आहे का, औषधे धरली आहेत का आणि दुसरी बैठक लागली तर तिचा दर काय, हे तीन प्रश्न लेटरहेडवर लेखी उत्तरासह विचारून घ्यावेत. रोख दिल्यास बिलाशिवाय स्वस्तात करू, असे कोणी म्हटले तर नकार द्यावा, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली की बिलाखेरीज आपल्या हातात काहीच उरत नाही.

साठवलेले पैसे असतील तर त्याहून चांगला मार्ग नाही. ते नसतील तर वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाचे हप्ते आणि क्लिनिकच्या टेबलावरच मिळणारे वित्तसंस्थेचे कर्ज, असे पर्याय समोर येतात. 1,18,000 रुपयांचे कर्ज वार्षिक 15 टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 5,720 रुपये पडतो आणि व्याजापोटी 19,000 रुपयांहून अधिक जातात. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर वेगळा.

बिनव्याजी हप्त्यांविषयी मला अधिक सांगायचे आहे, कारण फसगत तेथेच होते. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते. व्याज असतेच, फक्त ते किमतीत मिसळलेले असते. एखाद्या ठिकाणी 1,20,000 रुपये दर सांगून दरमहा 10,000 चे बारा बिनव्याजी हप्ते देऊ करतात, आणि तेथेच एकरकमी भरणाऱ्याला 1,10,000 मध्ये काम करून देतात. हिशेब केला तर त्या "बिनव्याजी" हप्त्यांचा खरा दर वर्षाला सुमारे 16 टक्के पडतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : आज सगळे पैसे भरले तर किती घ्याल? बँक किंवा वित्तसंस्था कर्ज देत असेल, तर सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरणपत्र मागावे. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे आणि सर्व शुल्के धरून पडणारा वार्षिक दर त्यात छापलेला असतो.

हप्ते आणि केस यांचे वेळापत्रक जुळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळून पडतात. ते अपेक्षितच असते. नवी वाढ तीन-चार महिन्यांनी दिसू लागते आणि पूर्ण परिणाम कळायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे दुसरा-तिसरा हप्ता खात्यातून जातो, तेव्हा आरशात आधीपेक्षाही विरळ डोके दिसते, आणि घाबरलेला मुलगा त्याच वेळी आणखी एखादे पॅकेज घ्यायला तयार होतो. थोडे थांबावे. मूळचे राहिलेले केस टिकवण्यासाठी औषधे बहुधा पुढेही चालू ठेवावी लागतात, तो खर्चही महिन्याच्या हिशेबात धरावा. आणि दर कमी दिसला तर आधी शस्त्रक्रिया करणार कोण हे विचारावे. यूट्यूबवर पाहून किंवा कार्यशाळेला बसून घेतलेले शिक्षण केशरोपणासाठी पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

आता ज्यांच्यासाठी मी हे भाषण मुद्दाम स्वीकारले, त्यांच्याकडे वळतो. ज्यांना विमा मिळणार नाही ते विचारायला येतात, आणि ज्यांना मिळू शकतो ते विचारतच नाहीत, ही माझी खंत आहे. 1939 मध्ये जपानच्या शोजी ओकुदा या डॉक्टरांनी केसांसह त्वचेचे बारीक तुकडे लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती व्रणांनी केस गेलेल्या जागांसाठी होती. पुरुषांच्या टकलासाठी तिचा वापर न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1952 मध्ये सुरू केला. म्हणजे हा उपचार मुळात जखमी माणसाचाच आहे.

आपल्याकडे गोठ्यातल्या कडबा कुट्टी यंत्रात किंवा मळणी यंत्रात ओढणी आणि वेणी अडकून डोक्याची त्वचा फाटल्याच्या घटना घडतात. अशाच एका मुलीचे कागद माझ्याकडे आले होते. जखम भरली होती, पण कानाच्या वर तळहाताएवढा गुळगुळीत, लालसर व्रण राहिला होता आणि ती सतत पदराने तो झाकत असे. शल्यविशारदांनी व्रणावर केशरोपण सुचवले. दावा भरताना कोणीतरी फॉर्मवर फक्त "केशरोपण" एवढेच लिहिले, आणि कंपनीने आठव्या कलमाचा हवाला देऊन तो परत पाठवला. ज्या कलमात तिचा हक्क लिहिलेला होता, तेच कलम दाखवून!

आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिले. "अपघातानंतरच्या व्रणाची पुनर्रचना" असे स्पष्ट म्हणणारे शल्यविशारदांचे प्रमाणपत्र, आधीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि व्रणाची छायाचित्रे सोबत जोडली. शस्त्रक्रिया पॉलिसीतील व्याख्येत बसणाऱ्या रुग्णालयात झाली होती, हेही कामी आले. केवळ केसांचे काम करणाऱ्या क्लिनिकमध्ये झाली असती, तर व्याख्येचा वेगळाच वाद उभा राहिला असता. तेवढ्यानेही काम झाले नसते, तर विमा लोकपालांकडे जाण्याची आमची तयारी होती. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो.

ती वेळ आली नाही. मुलीच्या आईने अपघाताच्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद साखरेच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून जपला होता. त्यात ग्रामीण रुग्णालयातल्या पहिल्या रात्रीचा केसपेपर निघाला. त्यावर निळ्या शाईत एक ओळ होती : "कुट्टी मशीनमध्ये वेणी अडकून इजा." त्या ओळीची प्रत पत्राला जोडली आणि दावा मंजूर झाला.