कुंडी फुटते ती पाण्यामुळे

श्रोतेहो, नमस्कार.

हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो अशा ठिकाणी बोन्साय जोपासणाऱ्यांना झाडाइतकीच कुंडीचीही काळजी घ्यावी लागते. थंडीने कुंडी तडकली, असे आपण सहज म्हणून जातो. पण कोरडी, रिकामी कुंडी कितीही गारठली तरी सहसा तिला काही होत नाही. तिला फोडते ते मातीत साचलेले आणि कुंडीच्या अंगात मुरलेले पाणी. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या वाढीला वाट मिळाली नाही, तर कुंडीच्या भिंतीला तो ताण सोसत नाही.

म्हणून कुंडी निवडतानाच तिचे बूड उलटून पाहावे. झिलई नसलेल्या त्या भागावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो बघता बघता शोषला गेला, तर ती कुंडी सच्छिद्र आहे, असे समजावे. कमी तापमानाला भाजलेल्या लाल मातीच्या कुंड्या बहुधा अशाच असतात आणि काही हिवाळ्यांत त्यांचे टवके निघू लागतात. सुमारे १,२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजलेल्या स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीच्या कुंड्या फारच थोडे पाणी शोषतात.

मात्र आकार चुकला, तर उत्तम भाजणीही पुरेशी ठरत नाही. तोंडाकडे रुंदावत जाणाऱ्या कुंडीत गोठलेली माती फुगून वर सरकते. ज्या कुंडीचा काठ आत वळलेला असतो किंवा पोट फुगीर आणि तोंड अरुंद असते, तिच्यात ती अडकते आणि सारा दाब भिंतीवर येतो. मग ती कुंडी जपानमधल्या तोकोनामे या कुंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावची नामांकित का असेना! अशी कुंडी कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवूच नये.

फळीवरच्या कुंडीला चहूबाजूंनी वारा लागतो, म्हणून थंडी सुरू होताच ती खाली जमिनीवर ठेवावी आणि सालीच्या तुकड्यांत किंवा पाचोळ्यात काठापर्यंत पुरावी. जमिनीची ऊब मिळाली की मुळांनाही आधार होतो, कारण फांद्यांना जितकी थंडी सोसते तितकी मुळांना सोसत नाही. जागा वाऱ्यापासून आडोशाची असावी, पण दुपारच्या उन्हाची नसावी. दिवसा वितळणे आणि रात्री पुन्हा गोठणे, हे चक्र सलग थंडीपेक्षा कुंडीला अधिक घातक असते. बिनतापवलेली शेड किंवा गॅरेज उत्तम. थंड हवामानातली झाडे मात्र मायेपोटी उबदार खोलीत आणू नयेत. त्यांची हिवाळी विश्रांती मोडते आणि कुंडी वाचवताना झाड हातचे जाते.

पाणी तोडून टाकणे हाही उपाय नव्हे, कारण कोरड्या मातीत मुळे वाळतात. माती गोठलेली नसेल अशा दिवशी सकाळी पाणी द्यावे, म्हणजे जास्तीचे पाणी रात्रीपूर्वी निथळून जाते. निचऱ्याची छिद्रे मोकळी आहेत ना, हे पाहावे आणि खालच्या तबकड्या हिवाळ्यापुरत्या काढून ठेवाव्यात. गोठलेल्या कुंडीवर गरम पाणी तर कधीच ओतू नये.

रिकाम्या कुंड्या धुऊन, पूर्ण वाळवून आत ठेवाव्यात. एकात एक घालायच्या असतील, तर मध्ये कागद किंवा कापड घालावे. ठेवण्यापूर्वी प्रत्येकीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर डोळ्यांना न दिसणारी भेग पडलेली असण्याची शक्यता असते आणि अशी कुंडी पुढच्या हिवाळ्यात बाहेर ठेवू नये.