दुधावरचा फेस, लघवीतला फेस

नमस्कार श्रोतेहो. आज किडनीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यापासून करतो.

तिथं म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या कट्ट्यावर उभा जन्म काढलेले एक मामा माझ्याकडे आले. चप्पल काढली, पाऊल पुढं केलं. पट्ट्याचा वळ मांसात रुतलेला. नडगीवर मी अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मामा म्हणाले, "डॉक्टर, पायाचं ऱ्हाऊ द्या. लघवीला फेस येतोय. धारेच्या दुधावर येतोय तसला. पाणी वतलं तरी मोडत न्हाई."

इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही. दुधावर फेस धरतो तो प्रथिनामुळं, आणि मामांच्या लघवीतूनही प्रथिनच चाललं होतं. दिवसाला ८ ग्रॅम! निरोगी माणसाचं १५० मिलिग्रॅमच्या आत असतं. चार महिने त्यांनी उष्णता समजून सब्जा आणि धन्याचं पाणी पिण्यात घालवले होते.

आणि चपलेचं सांगतो. हातानं शिवलेली कातडी चप्पल पायाच्या मापाला मुरते, म्हणून सूज आली की लगेच टोचते. मऊ स्लिपरमध्ये महिनोन् महिने कळत नाही. पाऊसकाळ सोडला तर आपल्या कारागिरांचीच चप्पल घाला, असं मी घरीही सांगतो.

मामांना साखर नव्हती. मग रक्तातली एक तपासणी केली: अँटी-पीएलए२आर. आपलं शरीर जंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवतं. कधी ती चुकून आपल्याच किडनीच्या गाळणीवर चालून जातात. मेम्ब्रेनस नावाच्या आजारातलं असं एक प्रतिपिंड २००९ साली सापडलं. हा आजार दुसऱ्या कुठल्या आजारामुळं न होता आपोआप झालेला असेल, तर अशा दर १० रुग्णांत साधारण ७ जणांत ते मिळतं. मामांचा आकडा आला १६०. वीसच्या वर म्हणजे पॉझिटिव्ह.

सुईनं किडनीचा तुकडा काढायचा म्हटल्यावर मामा घाबरले होते. पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, चांगलं होतं, प्रतिपिंड स्पष्ट होतं. अशा वेळी बायोप्सी टाळता येते, असं २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. टाळली.

मात्र ही तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही, असं नाही. पुन्हा सांगतो, निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असं नाही. तेव्हा बायोप्सी लागते.

लूपसमध्ये, म्हणजे प्रतिपिंडं शरीराच्या अनेक अवयवांवर चालून जातात त्या आजारात, एएनए आणि डीएसडीएनए ही प्रतिपिंडं पाहतात. एएनए धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतं, म्हणून पॅकेजमध्ये हौसेनं करून घेऊ नका; नुसत्या त्या कागदानं रात्रीची झोप गेलेल्या कितीतरी ताई मी पाहिल्यात. लघवी लाल-तपकिरी झाली, क्रिएटिनिन आठवड्या-दोन आठवड्यांत चढत गेलं, तर एएनसीए आणि अँटी-जीबीएम या प्रतिपिंडांच्या तपासण्या तातडीनं कराव्या लागतात. तिथं दिवस मोजायचे असतात.

आणि फेस टिकून राहत असेल, पाय सुजत असतील, तर आधी साधी लघवीची तपासणी करा. आधी लघवी, मग बाकीचं.

औषध सुरू केल्यावर मामांचा प्रतिपिंडाचा आकडा आधी उतरला, फेस नंतर काही महिन्यांनी गेला. असाच क्रम असतो. परवा ते आले तेव्हा वळ नव्हता. पुढचं रक्त दिवाळीनंतर द्यायचं ठरलंय.