जरा खोलीबाहेर जाता का?

1960च्या दशकाचा मध्य. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वाइझेनबाम 'एलायझा' नावाचा संगणक प्रोग्राम तयार करत होते. समोरच्याने टाइप केलेले शब्द उचलायचे आणि त्यांचाच प्रश्न करून परत द्यायचा, एवढीच त्याची अक्कल. "आज उदास वाटतंय" म्हटलं, की "उदास का वाटतंय?" वाइझेनबाम यांच्या सेक्रेटरीने हे काम कित्येक महिने जवळून पाहिलं होतं. पलीकडे माणूस नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी एलायझाशी दोन-चार वाक्यं झाली आणि ती त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का?

माणूस यंत्रावर किती चटकन जीव लावतो, हे पाहून वाइझेनबाम हादरले. पुढे आयुष्यभर ते हेच बजावत राहिले.

यंत्रांबद्दल लोकांच्या मनातली धास्ती मात्र वेगळी होती, आणि जुनी होती. 'रोबो' हा शब्दच 1920 सालच्या एका चेक नाटकातून आलेला. 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. वेठीला धरलेले एक दिवस धन्यावर उलटतील, ही ती धास्ती. 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळात जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा तिच्यात दुखावलेला अभिमानही मिसळला.

मग भीती रोजच्या जगण्यात उतरली. 2018 मध्ये, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या काही प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. इथे कुठलंही यंत्र कुणावर उलटलं नव्हतं. अशा कामासाठी प्रचलित असलेल्या छायाचित्रांच्या संग्रहांत गोऱ्या चेहऱ्यांचीच गर्दी होती.

2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक 148 दिवस संपावर गेले. एआयच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, वापराला लगाम घाला, ही त्यांची एक ठळक मागणी. त्याच वर्षी एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, संशोधक जेफ्री हिंटन यांनी, धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून, गूगल सोडलं. ज्यांनी हे तंत्रज्ञान उभं केलं, त्यांच्याच आवाजात आता काळजी होती.

आणि जानेवारी 2024. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मतदारांचे फोन वाजले. पलीकडे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा आवाज. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका, असं सांगणारा. तो आवाज बनावट होता. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आज कुणाचाही आवाज बनवता येतो. मुलाचा. आईचा. रडवेला, घाईतला. वाइझेनबाम ज्याला घाबरले होते, तो आपला विश्वासच इथे हत्यार झाला आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने कुटुंबांना सल्ला दिला: घरातल्यांनी मिळून एक गुप्त शब्द ठरवून ठेवा. फोनवरचा आवाज आपल्याच माणसाचा वाटला, तरी आधी तो शब्द विचारा.