चूल वेगळी, गणपती एकच

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सामाजिक शास्त्रं समाजाचा अभ्यास कशी करतात’. तो माझा नव्हे. कार्यवाहांनी फोनवर वाचून दाखवला, मी ‘बरं’ म्हटलं, त्यांनी छापून टाकला. येतो त्यावर. देवळामागे दशावताराचा ट्रक लागलाय आणि पेटारे उतरायच्या आत आवरा, असंही मला बजावलंय.

आधी माझं जुनं गाऱ्हाणं. २००१ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेचा प्रगणक होतो. शिक्षकाला शिकवणं सोडून जी कामं असतात, त्यांतलं हे एक. ९ ते २८ फेब्रुवारी, खांद्याला पिशवी, वाडी पालथी घालायची. एक लांबलचक चिरेबंदी घर लागलं. ओळीने पाच बिऱ्हाडांची दारं, चारांना कुलूप. पाचव्या पडवीत एक आजी सोलं वाळत घालत... नाही, फेब्रुवारीत कुठली सोलं? बघा, इतकी वर्षं सांगतोय की गोष्टीत माझंच काही मिसळायला लागलंय. असो, आजी बसल्या होत्या हे नक्की.

मी विचारलं, “आजी, घरात माणसं किती?”

“खयची लिवतास मास्तरानू? आत्ताची की चवथीची?”

“म्हणजे?”

“आत्ता म्हणशात तर मी आनि ह्यां मांजर. चवथीक म्हणशात तर एकवीस. धाकटी सून बाळंत झाली तर बावीस.”

मी त्यांना नियम समजावला. कुटुंब म्हणजे साधारणपणे एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं. तुमचे मुलगे मुंबईत राहतात, तिथे जेवतात, तिथेच मोजले जातील. आजींनी ऐकून घेतलं, मांजराला बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “थंय तेंची चूल आसा. घर हंय.”

मी आकडा लिहिला १. पण मन मानेना, म्हणून समासात पेन्सिलने ‘चवथीला २१’ लिहिलं. कागद जमा करताना साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, “गुरुजी, हे मशीन वाचणार आहे. मशीनला चवथ कळत नाही.” खोडरबरही त्यांनीच पुढे केला.

(हसा, हसा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.)

तेव्हापासून माझं म्हणणं एकच. आपल्याकडे कुटुंब मोजायचं ते चुलीवर नव्हे, गणपतीवर. भाऊ वेगळे झाले, चुली पाच झाल्या, बांधावरून कोर्टात गेले, सातबाऱ्यावर छत्तीस नावं चढली. पण गणपतीच्या डोक्यावरची माटवी एकच बांधली जाते आणि खर्चाची पाळी कुणाची हे सगळ्यांना पाठ असतं. एकमेकांशी बोलत नसलेले दोन सख्खे भाऊ एकाच आरतीत टाळ वाजवताना इथे कुणी पाहिले नाहीत? पुढच्या रांगेत दोघे बसलेत, नावं घेत नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. तर मुख्य विषय, पाच मिनिटांत.

सामाजिक शास्त्रज्ञ सर्वेक्षण करतो, गावात राहून निरीक्षण करतो, दप्तरं चाळतो. पण मोजण्याआधी ‘एक’ कशाला म्हणायचं हे त्याला ठरवावं लागतं, आणि निम्मं उत्तर तिथेच ठरून जातं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. नंतर तो अनेक वर्षं सांभाळला गो. स. घुर्ये यांनी. ते जन्माने मालवणचे, म्हणजे या शास्त्राचे चाकरमानीच म्हणा. त्यांचे विद्यार्थी आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुव्यात कुटुंबं तपासली आणि म्हणाले की नुसतं एका छपराखाली राहणं बघू नका. मिळकत, देणीघेणी, कर्तव्यं बघा. वेगळी राहणारी माणसंही एकत्र कुटुंबात असू शकतात. आजींचं वाक्यच की हे!

आता आकडे, भराभर. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. आमच्याकडे एका वक्त्याने याच ११२२ वर कोकणात स्त्रीचा मान किती मोठा, असं तासभर भाषण ठोकलं होतं. अहो, शून्य ते सहा वयाच्या पोरांत बघा, तिथे मुली हजाराच्या बऱ्याच खाली आहेत. बाप्ये मुंबईला गेले म्हणून बायका जास्त दिसतात. मान वगैरे त्या आकड्यात नाही, मनीऑर्डर आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि ही घट मोजली ती फेब्रुवारीत. चवथ कधीच झालेली, शिमगा यायचा, घरं सगळ्यांत रिकामी.

पुढची गणना १ मार्च २०२७ ची मध्यरात्र धरून आहे. म्हणजे पुन्हा तेच.

आजी आता नाहीत, पाचव्या दारालाही कुलूप लागलंय. गेल्या चवथीला मुद्दाम त्या घरी गेलो. माटवी बांधलेली, खळ्यात चपलाच चपला. मी मास्तर, सवयीने जोड मोजायला लागलो. चौतिसापर्यंत आलो आणि आतून कुणी तरी ओरडलं, आरतीक चला.